पिवळा बिल्ला

चर्चच्या कुंपणाला मेणकापडाचा फलक बांधला होता. वर गॉगल घातलेला हसरा सूर्य, खाली रंगीत अक्षरांत 'हॉलिडे बायबल क्लब', आणि त्याच्याही खाली, जरा बारीक अक्षरांत, दर मुलामागे बारा पौंड, भावंडांना सवलत. सूर्य कसला एवढा खूश होता कोण जाणे.

पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. मी लीड्सच्या एका प्रायमरी शाळेत शिकवते. सुट्टी होती म्हणून लंडनला, हॅरोला आईच्या मदतीला आले होते, आणि आईने पोस्टाची तिकिटं आणायला पाठवलं होतं. या रस्त्याने जायची काही गरज नव्हती. तरी आले. हॉलचं दार उघडं होतं, आणि उंबऱ्याशीच तो वास आला: लाकडी जमिनीचं पॉलिश, मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळत ठेवलेला चहा, कधीच पुरते न वाळलेले रेनकोट, आणि पांढऱ्या गोंदाचा तो गोडसर, दुधासारखा दर्प. तेरा वर्षं मी या जागेला नावं ठेवत आले आहे. आणि वास नाकात शिरताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचाही राग आला.

आम्ही नगरचे. पप्पांच्या आजोबांपासून ख्रिस्ती. मी पाच वर्षांची असताना इथे आलो. चर्चमधल्या मंडळींना आमचं भारी कौतुक होतं. उपासना संपल्यावर कपबशी हातात घेऊन कोणीतरी हमखास विचारायचं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? जसं काही विमानतळावर पासपोर्टाबरोबर बाप्तिस्म्याचाही शिक्का मारून मिळतो. पप्पा नम्रपणे सांगायचे, माझे आजोबा झाले. मग ते लोक 'हाऊ लव्हली' म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचे. आईचं नाव सुशीला. तिथे तिची 'सू' झाली. तिला कोणी विचारलं नाही; सगळ्यांच्या जिभेला सोपं पडतं एवढं कारण पुरलं.

पण ऑगस्टमधला तो एक आठवडा मात्र मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी एक. दार उघडं असायचं आणि येईल ते मूल आत यायचं. नाव विचारायचे ते हाक मारण्यापुरतं. भिंतीपाशी खुर्च्यांच्या उंच चवडी, मधे सगळी मुलं जमिनीवर. पियानोच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, त्यामुळे प्रत्येक गाण्यात ठराविक ठिकाणी खड्डा यायचा आणि आम्ही तिथे मुद्दाम ओरडून तो भरून काढायचो. अकरा वाजता स्वयंपाकघराची खिडकी वर सरकायची. तिचा तो खर्रकन आवाज आला की गोष्टीतला दावीद असो की दानीएल, त्याला तिथेच सोडून सगळी मुलं रांगेत. पाणचट ऑरेंज स्क्वॉश आणि क्रीमची दोन बिस्किटं. खिडकीबाहेर रूळ होते. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली की काचा थरथरायच्या आणि स्क्वॉशमध्ये बारीक वर्तुळं उमटायची.

आईचं टेबल कोपऱ्यात असायचं. सीरियलच्या रिकाम्या खोक्यांची तारवं, जाड रंगीत कागदाचे मासे, कापसाची मेंढरं. तिच्या बोटांना आठवडाभर गोंद चिकटलेला असायचा. रात्री जेवताना ती सालं काढल्यासारखा तो सोलून काढायची. आणि ती गाणं शिकवायची, मराठी. टाळ्यांच्या ठेक्यावरचं, नगरच्या रविवारच्या शब्बाथशाळेत ती स्वतः शिकलेलं. 'तारणारा' हा शब्द त्यात सारखा यायचा. गोऱ्या मुलांच्या तोंडी त्याचा 'टारनारा' व्हायचा. अर्थ कोणालाच ठाऊक नसायचा, पण टाळ्यांमुळे ते सगळ्यांच्या अंगात यायचं. पुढे हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर कोणीतरी दोरीवरच्या उड्या मारताना 'टारनारा, टारनारा' म्हणताना मी ऐकलं आहे.

ते गाणं सगळ्यांत चांगलं ट्रेसी म्हणायची. ट्रेसी माझ्याच वर्गात होती. रुळांपलीकडच्या कौन्सिलच्या, कमी भाड्याच्या फ्लॅट्समध्ये राहायची. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, गळ्यात दोऱ्याला बांधलेली घराची किल्ली, दोन हातांना दोन धाकटे भाऊ. भावांचे केस तिने पाण्याने चापून भांग पाडलेले असायचे. तिची आई एका लाँड्रीत कामाला होती आणि पहाटेच जायची. क्लब सुटला की आम्ही रुळांलगतच्या तारेच्या कुंपणापाशी ब्लॅकबेरी तोडायचो. तिला काट्यांची भीती नव्हती. ती आत हात घालायची आणि काळीभोर फळं काढून माझ्या तळहातावर ठेवायची. आंबट निघाली तर मी थुंकून टाकायची, ती मात्र सगळीच खायची. बोटं जांभळी, जीभ जांभळी. माझ्या आयुष्यातली ती पहिली मैत्रीण, आणि मी सांगते आहे ती गोष्ट तिच्याच बाबतीत घडली.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी चर्चच्या कमिटीने क्लबला फी ठेवली. दर मुलामागे पाच पौंड.

बैठकीहून आई घरी आली ती कोट न काढताच पप्पांना सांगायला लागली. कमिटीने तीन कारणं दिली होती. एक, स्क्वॉश आणि बिस्किटं महागली. दोन, फुकट मिळालेल्या गोष्टीची लोकांना किंमत नसते. तिसरं कारण पाइपवाल्या एका गृहस्थांनी घसा साफ करून सांगितलं: रुळांपलीकडची काही मंडळी आपल्या क्लबचा पाळणाघरासारखा वापर करतात. आईने विचारलं, केला तर काय बिघडलं? त्यावर व्हिकरनी, म्हणजे चर्चच्या पाळकांनी, 'आपण प्रार्थना करूया' म्हटलं. अवघड प्रश्न आला की त्या माणसाला नेहमी प्रार्थना सुचायची.

पप्पांना मात्र फी पटली होती, आणि त्यामागे त्यांचं जुनं दुखणं होतं. दुष्काळात त्यांच्या आजोबांनी मिशनची भाकरी खाल्ली होती, आणि गाव त्यांना मरेपर्यंत 'भाकरीसाठी बाटलेला' म्हणत राहिलं. पप्पा म्हणाले, फुकट घेतलं की लोकांच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही. पैसे दिले की मान ताठ राहते. आई त्याच नगरच्या मिशन बोर्डिंगमध्ये फुकट शिकलेली. परदेशी पाहुणे आले की मुलींना दान आलेले फ्रॉक घालून ओळीत उभं करायचे आणि आभाराचं गाणं म्हणायला लावायचे, हे ती कधीच विसरली नव्हती. ती म्हणाली, "अहो, द्यायचं तर नाव न विचारता द्यावं. नाहीतर दारच लावून घ्यावं. हे मधलं काय?"

मधलं म्हणजे पत्रकाच्या तळाची ओळ. ज्यांना अडचण असेल त्यांनी मिसेस हॉलिसशी खाजगीत बोलावं.

मिसेस हॉलिस क्लबची प्रमुख. मोत्यांच्या रंगाचा कार्डिगन, गळ्यात साखळीला लोंबणारा चष्मा, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. तिचं खाजगी बोलणं चर्चच्या पोर्चमध्ये चालायचं आणि फाटकापर्यंत ऐकू यायचं. ट्रेसीची आई, जी कधी चर्चची पायरी चढली नव्हती, ती एका रविवारी कामाच्या कपड्यांवर आली आणि बाहेर उभी राहिली. आम्ही शेजारूनच जात होतो. ती बाई हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मिसेस हॉलिस तिच्या दंडावर थोपटत म्हणाली, "अर्थातच, डिअर. तिघांनाही? अर्थातच. त्यासाठीच तर आम्ही आहोत." ट्रेसीची आई मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होती. इतकी लाजलेली मोठी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

आणि मग बिल्ले. पैसे भरलेल्यांना निळा, 'मदतीच्या जागां'ना पिवळा. हजेरीला सोपं पडतं म्हणे. मिसेस हॉलिसने प्रत्येक बिल्ल्यावर सुरेख अक्षरात मुलाचं नाव लिहिलं होतं, आणि नावाच्या बाजूला एक छोटा मासा काढला होता. आईने विरोध केला, पण बिल्ले तयार होते आणि पुठ्ठा वाया गेला असता. पुठ्ठ्याची किंमत त्या मंडळींना बरोबर कळायची.

पहिले दोन दिवस मुलांच्या काही लक्षात आलं नाही. मुलांना रंग म्हणजे रंग. पण माझ्या आलं होतं. फी कोणी भरली याची आईकडची यादी आमच्या डायनिंग टेबलावर पडलेली असायची आणि मी ती वाचली होती.

बुधवारी आईने जाहीर केलं की शुक्रवारी आईवडिलांसमोर मराठी गाणं ट्रेसी एकटी म्हणेल. माझ्या आईचं गाणं. माझ्या भाषेतलं. घरी दर शनिवारी पप्पांपुढे मराठी पवित्र शास्त्राचा अध्याय मी वाचायचा, 'ळ' चुकला की पुन्हा मी म्हणायचा, आणि गाणं म्हणणार ती, टारनारा म्हणणारी. आम्ही सात-आठजणी गोंदाच्या टेबलाभोवती होतो. फियोना नावाच्या मुलीने सहज विचारलं की काहींचे बिल्ले पिवळे का आहेत. मी ब्रशने गोंद पसरत होते. मान वर न करता मी म्हणाले, "त्यांच्या आईने पैसे भरलेले नाहीत म्हणून. आमच्या घरी यादी आहे."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्याजणी एकदम आपापल्या छातीकडे आणि मग ट्रेसीच्या छातीकडे बघायला लागल्या. ट्रेसीने स्वेटरचा धागा निघू नये म्हणून सावकाश पिन सोडवली. बिल्ला टेबलावर पालथा ठेवला. मग धाकट्यांच्या घोळक्यात जाऊन दोन्ही भावांचे हात धरले आणि दारातून निघून गेली. अकरा वाजायला आले होते; मोठी माणसं स्वयंपाकघरात स्क्वॉश ओतत होती. मी ब्रश बरणीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.

हजेरीच्या वेळी तीन मुलं कमी भरली आणि धावपळ उडाली. आई एप्रनवरच रुळांवरच्या पुलाकडे धावत गेली. ती परत आली तेव्हा क्लब सुटला होता. मुलं सापडली होती, आपल्याच जिन्यात बसलेली. पिवळ्या बिल्ल्याचा अर्थ सगळ्यांना कळला एवढंच ट्रेसीने सांगितलं होतं, कोणी सांगितला ते नाही. आई आधी माझ्याकडे आली. तिने माझी हनुवटी वर करून मराठीत विचारलं, "तू काही बोललीस का?"

मी म्हणाले, नाही.

ती तशीच वळून मिसेस हॉलिसकडे गेली. यादी दोघींकडेच होती. "मी बोलले नाही, तर मग तुम्हीच मुलांसमोर बोलला असणार," असं आई म्हणाली. मिसेस हॉलिस शपथेवर नाही म्हणत होती. पहिल्यांदाच तिचा चेहरा मला माणसासारखा दिसला, गोंधळलेला, लाल. ती खरं बोलत होती आणि हे खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आईने एप्रन सोडून खुर्चीवर ठेवला. "तुम्ही मुलाच्या छातीवर त्याच्या आईची गरिबी टाचता," ती इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आणि वर त्याला येशूची गोष्ट सांगता. मला यात राहायचं नाही."

ती पुन्हा त्या चर्चमध्ये गेली नाही. पप्पा जात राहिले. रागावून नव्हे, भरल्या ताटावरून उठून जाणं त्यांना जमायचं नाही. त्याआधी रविवारी आम्ही तिघं एकत्र निघायचो, आईचा अत्तराचा रुमाल, पप्पांच्या बुटांचं पॉलिश, मधे मी. त्यानंतर पप्पा एकटे निघायचे, आणि आई मला घेऊन बसने पिनरच्या पलीकडच्या एका छोट्या चॅपलमध्ये जायची, जिथे हीटर चालायचा नाही आणि तिला कोणी सू म्हणायचं नाही. दुपारच्या जेवणाला दोघं दोन वेगळी प्रवचनं घेऊन बसायचे आणि त्यांविषयी बोलायचे नाहीत. ट्रेसी सप्टेंबरात शाळेत दुसऱ्या बाकावर बसायला लागली. ब्लॅकबेरी कुंपणावरच सुकून गेल्या. पुढे मी वेगळ्या हायस्कूलला गेले.

आणि मी काय केलं? मी त्या चर्चचा तिरस्कार करायला शिकले. फारच छान जमला मला तो. कॉलेजात मैत्रिणींना ही हकीकत सांगून मी खूप हशा आणि हळहळ मिळवली आहे: कार्डिगन, पाइप, प्रार्थना, बिल्ल्यावरचे मासे. गोंदाच्या टेबलाशी कोण बोललं, तेवढं मी गाळायची.

तर त्या दिवशी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा मिसेस हॉलिस दाराजवळच्या टेबलाशी बसली होती. केस पांढरे, कार्डिगन तोच असावा. मुलं नुकतीच सुटली होती आणि ती रजिस्टर आवरत होती. मी ओळख सांगितली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: तुम्ही बोलला नव्हता, मी बोलले होते, आणि माझ्या आईने तुम्हाला दोष दिला. तेरा वर्षं पाठ केलेलं भाषण होतं. एका दमात संपलं.

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "डिअर," ती म्हणाली, "तुम्ही ते श्रीलंकेचं कुटुंब का?"

तिला काही आठवत नव्हतं. ना मुलगी, ना एप्रन, ना आई. बिल्लेही नाहीत. आठवण्याचा प्रयत्न मात्र तिने मनापासून केला, चष्मा लावून. मग म्हणाली की त्या काळी फक्त पाच पौंड होते, आता बारा घ्यावे लागतात, तरी लोकांना किंमत नसते. मी माझ्या अपराधाला कसलं मखर करून बसवलं होतं, आणि या बाईला त्याचा पत्ताच नव्हता. मी तिकिटं न घेताच घरी आले.

आई स्वयंपाकघरात पप्पांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत लावत होती. पप्पा वर झोपले होते. मी खुर्ची ओढून बसले आणि तिलाही सांगितलं. तिने हातातली गोळी खणात टाकली, झाकण लावलं.

"मी विचारलं होतं तुला तेव्हा," ती म्हणाली.

"हो."

"मग त्या बाईला मी अर्धं उगाच बोलले." तिने मान हलवली. "अर्धं नाही. बिल्ले तिचेच होते. पण थोडं उगाच बोलले." मग तिने विचारलं, मी आता कुठून आले. मिसेस हॉलिसकडे जाऊन सगळं कबूल करून आले, असं मी म्हणाले. मला वाटतं माझ्या आवाजात जरा समाधान होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नजरेत माझ्यासाठी तुच्छता होती, आणि तिने ती लपवली नाही.

"तिला कशाला? ट्रेसीला सांगितलंस का?"

तेरा वर्षांत आईला सांगायचं, मिसेस हॉलिसला सांगायचं, कधीतरी पप्पांनाही, हे सगळं मी मनात घोळवलं होतं. ट्रेसीला सांगायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती कुठे असते तेही मला माहीत नव्हतं, आणि मी तसं म्हणाले.

"स्टेशनजवळच्या केमिस्टकडे," आई म्हणाली. "तीन वर्षं झाली. पप्पांची औषधं तीच देते मला. ते हॉस्पिटलातून आले तेव्हा घरी आणून द्यायची." तिने फ्रिजवरची औषधांची चिठ्ठी काढून माझ्यापुढे सरकवली. "उद्या तू जा."

दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यापुढे दोनजण होते. काउंटरमागे पांढऱ्या कोटातली एक उंच मुलगी लेबलं चिकटवत होती. दात नीट करून घेतला होता, तरी मी ओळखलं. तिने चिठ्ठीवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पप्पा कसे आहेत म्हणून विचारलं. मी म्हणाले बरे आहेत. दहा मिनिटं लागतील, बस, ती म्हणाली. मी बसले नाही. मी तिथेच, मागे कोणी नाही हे पाहून, ती बुधवारची गोष्ट काढली. आदल्या दिवशीचं पाठ भाषण इथे कामाला येईना. मी एवढंच म्हणू शकले की ते मी मुद्दाम बोलले होते, आणि मला माफ कर.

तिने ऐकून घेतलं. आत जाऊन औषधं घेऊन आली, प्रत्येक बाटली पिशवीत घालताना कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, ते समजावून सांगितलं. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मग पिशवीचं तोंड दुमडताना ती म्हणाली,

"तू बोललीस त्याचं मला एवढं वाटलं नाही. खरंच होतं ते. पण घरी जाताना मी हळू चालत होते. मला वाटलं होतं, तू येशील मागून."

दारावरची घंटी वाजली, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. ट्रेसीने पिशवी माझ्या हातात दिली आणि त्यांना विचारलं, आज काय हवंय?